तोर्स्तीचा उजवा खांदा

मी पायापासून सुरू करते.
खांदा दुखतो म्हणून आलेल्या माणसाचा
अंगठ्याकडे बघत बसलेल्या बाईवर विश्वास बसत नाही,
हे मला चाळीस वर्षं माहीत आहे.
मोजे काढ, म्हटलं.
त्याने काढले, घडी घातली,
स्टुलाखाली ठेवले, टाचेला टाच लावून.
घरात कुणीतरी शिस्तीचं असावं.

बाहेर काउस्तिनेनचा मार्च.
दिवसा वितळून रात्री गोठलेलं बर्फ,
वरची साल माणूस पेलते, कधी पेलत नाही.
शेतावरून चालताना आपण आधी थोडा भार टाकतो,
थांबतो, मग उरलेला.
पाठीवर हात असाच ठेवायचा.

करंगळी हलत नव्हती.
पोटरीत दोर वळलेला. उजवा गुडघा आत,
दारात उभं राहून कुणाला तरी वाट द्यावी तसा.
मान मात्र डावीकडे.
"दुधाचा टँकर," तो म्हणाला. "चौतीस वर्षं.
गोठ्यागोठ्यात गाडी मागे घ्यायची,
खिडकीतून डोकं काढून."
बरं. मान टँकरची.
खांदा टँकरचा नव्हता.

जोर मी लावत नाही.
सासूने शिकवलं तेव्हा एकदाच सांगितलं:
हाडाला ढकललंस तर हाड भांडतं.
पुढे काही बोलली नाही,
माझं बोट घाई करू लागलं की
जिभेने नुसतं टक् करायची.
ती जाऊन सव्वीस वर्षं झाली.
टक् अजून येतं.

फासळ्यांपाशी पोचले
तर उजवीकडे श्वास जातच नव्हता.
तिथे एक खळगी होती,
पाहुण्यांच्या खोलीसारखी आवरून बंद केलेली.
"इथे काय उचलायचास?"
"दुधाचा पाइप."
"पाइप नाही."
आम्ही दोघंही गप्प बसण्यात मुरलेले.
भिंतीवरचं घड्याळच काय ते बोललं.
मग तो म्हणाला, "केर्त्तू."

पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर,
दिवसातून सहा वेळा, चार वर्षं.
तिचा हात इथे यायचा, मानेमागून.
"शेवटी एकोणचाळीस किलो.
वजन असं नव्हतंच तिला."

वजन नसलेलं उचलायला
माणूस जास्त वाकतो.
हे मी त्याला सांगितलं नाही.
विचारलं, "काढू?"
तो छताच्या फळ्या मोजत होता बहुतेक.
दात उपटणाऱ्याला कुणी म्हणत नाही, मलाही
आजवर कुणी म्हटलं नव्हतं:
"थोडं राहू दे."

राहू दिलं.
कंबर सैल केली, गुडघ्याला समोर बघायला लावलं,
मान टँकरमधून खाली उतरवली.
मणक्याच्या दोन्ही अंगांनी अंगठे चालवत वर गेले
आणि खळगीत तळवा नुसता ठेवला.
किती वेळ, ते घड्याळाला ठाऊक.
खांदा आपणहून आला.
अर्धा.

उठून उभा राहिला
आणि पायांकडे बघू लागला,
जमीन कुणी खाली सरकवली म्हणून.
मोजे घातले. कॉफी घेतली,
वेलदोड्याचा पाव कालचा होता, तोही खाल्ला.
पैसे बशीखाली सारले,
मी पाहिलं नाही असं दोघांनीही धरून चाललो.

अंगणात गाडी बराच वेळ निघेना.
पडदा सारून पाहिलं:
आत बसून तो मागचा आरसा वर करत होता.
जरासा. पाहिलं. पुन्हा जरासा.
सकाळी याच आरशात त्याला रस्ता दिसत होता,
आता मागची सीट दिसत असणार.

मग आरसा लागला मनासारखा,
आणि सवयीने काच खाली करून,
खिडकीतून डोकं बाहेर काढून
त्याने गाडी मागे घेतली.

म्हणजे मंगळवारी पुन्हा मान.